तांबड्या मातीचे अर्थकारण : सातारा-सांगलीच्या कुस्तीचे बदलते रूप

कृष्णा, वारणा आणि येरळा या नद्यांच्या काठी वसलेल्या सातारा व सांगली जिल्ह्यांत कुस्ती हा केवळ खेळ कधीच नव्हता. गावची यात्रा कुस्त्यांच्या मैदानाशिवाय पुरी होत नसे आणि घरातील एक तरी मुलगा तालमीत असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. हे दोन्ही जिल्हे मुळात एकच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे दोन्हीकडच्या तालमींची परंपरा, वस्तादांची घराणी आणि मैदानांचे रीतिरिवाज आजही सारखेच आढळतात. नारळ, फेटा आणि रेवड्यांवर सुरू होणारी ही कुस्ती गेल्या दोन-तीन दशकांत लाखांच्या इनामांपर्यंत आणि मोटारगाड्यांपर्यंत पोहोचली आहे. पैसा आला ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र तो मैदानात आला, तालमीत फारसा उतरला नाही, हे या स्थित्यंतराचे खरे वैशिष्ट्य होय.

कुस्तीच्या जुन्या अर्थव्यवस्थेचा पाया राजाश्रय हा होता. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी तालमी बांधल्या, मल्लांच्या खुराकाची सोय लावली आणि १९१२ मध्ये खासबागेचे भव्य मैदान उभारले. आजच्या सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे तर सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते. सध्या सांगली जिल्ह्यात असलेले कुंडल हे गाव त्याच औंध संस्थानात मोडत असे, आणि पुढे कुंडलचेच मैदान महाराष्ट्रातील नामांकित मैदानांमध्ये गणले जाऊ लागले. सातारा-सांगलीकडील होतकरू मुले कोल्हापुरातील मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी अशा तालमींत दाखल होत. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर मोतीबागेतच घडले. तालमीत पठ्ठ्याला पगार नसे, वस्तादालाही ठरलेले वेतन क्वचितच असे. जोर-बैठका, मातीतली मेहनत, दूध-तूप-बदामाचा खुराक आणि वस्तादाचा शब्द एवढ्यावर सारा कारभार चाले.

संस्थाने विलीन झाली आणि हा आधार तुटला. त्यानंतरचा काळ किती कठीण होता, याची साक्ष कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांच्या कहाणीतून मिळते. १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाने गादीवरची कुस्ती तोवर फारशी पाहिलीही नव्हती. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा संस्थान उरले नव्हते. सरकारकडे खेटे घालून चार हजार रुपये मिळाले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. तरीही रक्कम अपुरी पडली. अखेर राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. परतल्यावर त्यांची कराडपासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांची मैदाने घेतली आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे कर्ज फेडले. विद्यार्थी-खेळाडूसाठी महाविद्यालयाच्या प्रमुखाने घर गहाण टाकावे, ही घटना आजच्या पुरस्कर्त्यांच्या जमान्यात दंतकथेसारखी वाटते.

पुढील काळात संघटनेने जम बसवला. १९६१ पासून 'महाराष्ट्र केसरी' ही स्पर्धा भरू लागली. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि मिरज तालुक्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्यपदक मिळवले. दोघेही हिंदकेसरी आणि दोघेही सांगली जिल्ह्याचे. याच सुमारास सहकारी साखर कारखानदारी उभी राहत होती. राजवाड्याची जागा कारखान्याने घेतली, असे म्हटले तरी चालेल. मल्लांना मानधन देणे, तालमींना मदत करणे आणि संस्थापकांच्या स्मृतिदिनी मोठे मैदान भरवणे ही कारखान्यांची प्रथाच पडली. वारणानगरचे मैदान हे तिचे ठळक उदाहरण होय. ऊस चांगला पिकला की कुस्तीचे इनामही फुगते, असा गावोगावचा अनुभव आहे.

मैदानाची रचना समजून घेतल्याशिवाय या पैशाचा प्रवास कळत नाही. यात्रा कमिटी वर्गणी गोळा करते, दात्यांची नावे मिळवते आणि नामांकित मल्लांच्या जोडी ठरवते. सकाळी लहान मुलांच्या कुस्त्या लागतात, दुपारनंतर इनामाचा आकडा वाढत जातो आणि सूर्य मावळता मावळता पहिल्या क्रमांकाची कुस्ती लागते. हलगी-घुमक्याचा कडकडाट, फेटेवाले पंच, ध्वनिक्षेपकावरून मल्लांची वंशावळ आणि डावांची कुंडली सांगणारे निवेदक हा या मैदानांचा थाट. या व्यवस्थेत करार नसतो आणि विमाही नसतो. सारा व्यवहार तोंडी चालतो. पूर्वी इनाम जिंकणाऱ्याला मिळे आणि कुस्ती बरोबरीत सुटली तर ते निम्मे-निम्मे होई किंवा कापले जाई. आता बड्या मल्लाची रक्कम बहुतेक वेळा आधीच ठरलेली असते. मल्ल पंजाब-हरयाणाहून किंवा थेट इराणहून येणार असेल, तर प्रवास व मुक्कामाचा खर्चही कमिटीच्या माथी पडतो.

येथेच पैशाने खेळाच्या स्वरूपावर परिणाम केला. रक्कम आधीच पदरात पडणार असेल आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी आणखी एक मैदान असेल, तर मल्ल आज दुखापतीचा धोका का पत्करील? मग दोघेही तासभर एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे राहतात. प्रेक्षकांतून शिट्ट्या सुरू होतात आणि 'नुरा कुस्ती' हा शब्द कानोकानी फिरतो. आधीच ठरवून केलेल्या लढतीला तालमीच्या भाषेत हेच नाव आहे. अनेक कमिट्यांनी यावर 'निकाली झाली तरच इनाम' अशी अट घातली. काही ठिकाणी वेळेची मर्यादा ठेवून नंतर गुणांवर निकाल देण्याची पद्धत आली. अर्थात हा दोष एकट्या मल्लाच्या माथी मारणे योग्य नाही. हंगाम काही महिन्यांचा, कारकीर्द फार तर दहा-बारा वर्षांची आणि खुराकाचा खर्च मात्र बारमाही असतो.

किताबाच्या स्पर्धांतही हाच विरोधाभास दिसतो. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शाहू क्रीडा संकुलात 'महाराष्ट्र केसरी' भरली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटील याने विशाल बनकर याला अंतिम लढतीत हरवले आणि दोन दशकांहून अधिक काळानंतर कोल्हापूरला मानाची गदा मिळाली. परंतु गदेखेरीज रोख बक्षीस मिळाले नसल्याचे विजेत्याने सांगितले आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. वर्ष संपते न संपते तोच चित्र पालटले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या कोथरूड येथे शिवराज राक्षे विजेता ठरला तेव्हा त्याला पाच लाख रुपयांसह महिंद्र थार ही गाडी देण्यात आली. तेव्हापासून गाडी हे किताबाचे जणू अविभाज्य अंगच झाले.

पैशाबरोबर सत्तेची स्पर्धाही आली. भारतीय कुस्ती महासंघाने २०२२ मध्ये राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली, नवा संघ स्थापन झाला आणि वाद न्यायालयात गेला. परिणामी नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन 'महाराष्ट्र केसरी' झाले. पुण्याजवळच्या फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ मध्ये पुन्हा तेच घडले. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला वेताळ शेळके यांनी गदा उचलली. अहिल्यानगरच्या स्पर्धेत पराभूत ठरवल्यावर राक्षे याने पंचांना लाथ मारली, तर अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड आखाडा सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. त्या कृत्याचे समर्थन कोणी करणार नाही. पण एका निकालावर गाडी, प्रसिद्धी आणि शासकीय नोकरीची आशा अशी सारी भिस्त असते, हेही विसरता येत नाही. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले, तेव्हापासून प्रत्येक तालमीतील मुलाच्या डोळ्यांसमोर ते उदाहरण आहे.

मुलींसाठी मात्र हा काळ दार उघडणारा ठरला. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने कल्याणच्या वैष्णवी पाटील हिला हरवून गदा पटकावली. जुन्या तालमींत मुलींना प्रवेश नव्हता. त्यामुळे त्यांची कुस्ती बहुतांशी नव्या संकुलांत, गादीवर आणि पालकांच्या खिशातून उभी राहिली आहे.

संघमालक, लिलाव आणि दूरचित्रवाणी या मार्गानेही व्यावसायिक कुस्ती रुजवण्याचे प्रयत्न झाले. प्रो रेसलिंग लीगचे २०१५ ते २०१९ या काळात चार हंगाम झाले. २०१८ मध्ये मराठी वाहिनीने 'महाराष्ट्र कुस्ती दंगल' भरवली. तिच्या सहा संघांत 'यशवंत सातारा' हाही एक संघ होता. कबड्डीला जशी स्थिर लीग लाभली, तशी कुस्तीला लाभली नाही. गावच्या मैदानाचा प्रेक्षक वातानुकूलित सभागृहात गेला नाही, हे त्यामागील एक कारण असावे.

या संदर्भात अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथेही खेळाडू दीर्घकाळ 'विद्यार्थी' म्हणजे हौशी मानले गेले. स्टेडियम भरत, दूरचित्रवाणीचे करार अब्जावधी डॉलरचे होत, प्रशिक्षकांना कोट्यवधींचे वेतन मिळे आणि खेळाडूला केवळ शिष्यवृत्ती. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार एखादे विद्यापीठ आपल्या खेळाडूंना वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट देऊ शकते. तेथे संस्था श्रीमंत आणि खेळाडू उपाशी अशी तक्रार होती. कृष्णाकाठी परिस्थिती नेमकी उलटी आहे. एखादा मल्ल एका संध्याकाळी लाखो रुपये मिळवतो, पण ज्या तालमीने त्याला आठ-दहा वर्षे सांभाळले तिच्या वाट्याला त्यातील काहीच हक्काने येत नाही. पठ्ठ्याने स्वखुशीने वस्तादाच्या पायाशी ठेवले तर तेवढेच. जादा खुराक देऊ करणाऱ्या दुसऱ्या संकुलात तयार मल्ल निघून गेला, तर त्याची भरपाई मागण्याचीही सोय नाही.

या सगळ्यात दुसऱ्या व तिसऱ्या फळीतील मल्लांचे हाल अधिक होतात. मोठी इनामे मोजक्याच नावांभोवती फिरतात. खांदा किंवा गुडघा निखळला की शस्त्रक्रियेचा खर्च शेतकरी बापावर येतो आणि मुलगा उसाच्या फडात किंवा सुरक्षारक्षकाच्या नोकरीत दिसू लागतो. कीर्ती पाठीशी असेल तर राजकारणाची वाट खुली होते. भाळवणीचे दुहेरी महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी २०२४ मध्ये सांगलीतून लोकसभा लढवली, परंतु त्यांना यश आले नाही. त्यांच्याच पुढाकाराने २०२३ मध्ये भाळवणीत झालेल्या बैलगाडा शर्यतीचे पहिले बक्षीसही थार गाडीच होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी दिल्यापासून यात्रेच्या वर्गणीत कुस्तीला बैलांचाही वाटेकरी लाभला आहे, हा त्यातला गमतीचा भाग.

खाशाबांच्या गोळेश्वरात कुस्ती संकुल उभारण्याचे आश्वासन सरकारने २००९ मध्ये दिले होते. ते प्रत्यक्षात येत नाही असे पाहून, हेलसिंकीचे ते कांस्यपदक लिलावात काढून पैसा उभारू, असे त्यांच्या पुत्राने २०१७ मध्ये जाहीर केले आणि राज्यभर खळबळ उडाली. २०२३ मध्ये सरकारने खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय घेतला.