दाती तृण, पण गाय कुणाची?

1505 साली काबूलहून निघालेला बाबर कोहाट-हंगूच्या डोंगराळ मुलखात लूट करत शिरला. तिथे हरलेले अफगाण दातांत गवत धरून त्याच्यापुढे आले. हे लोक हतबल झाले की असं करतात, याचा अर्थ 'मी तुझी गाय', हे त्याच्या कानावर आधी आलं होतं; पाहायला मिळालं ते इथे, असं 'बाबरनाम्या'त आहे. लगेच पुढे, पकडून आणलेल्यांची मुंडकी उडवून त्यांचा मनोरा रचायला लावल्याची नोंद. गवत काही कामी आलं नाही.

'दाती तृण धरणे' म्हणजे शरण जाणे, एवढं आपण शाळेत पाठ करतो आणि सोडून देतो. पण गाय ज्याला पवित्र नाही, त्या मुसलमान अफगाणाने जीव वाचवायला गाय का व्हावं? मला या प्रश्नाने धरलं ते धरलंच.

रूढ उत्तर धर्मशास्त्राचं. युद्धात मारण्याचा दोष नाही, असं सांगून गौतम धर्मसूत्र अपवाद मोजतं: घोडा, सारथी वा शस्त्र गमावलेला, हात जोडलेला, केस सुटलेला, पाठ फिरवलेला, खाली बसलेला, झाडावर चढलेला, दूत, आणि शेवटी स्वतःला गाय किंवा ब्राह्मण म्हणवणारा. ऐन रणात 'मी गाय आहे' म्हणून ओरडणारा शिपाई डोळ्यांपुढे आणून पाहा! महाभारताच्या शांतिपर्वात तोंडात गवत भरलेला आणि 'मी तुझा' म्हणणारा असे दोघे शेजारी शेजारी अवध्य ठरतात. (गवताने तोंड भरल्यावर बोलणार कसं, म्हणून दोघे असावेत.) मनुस्मृतीत 'मी तुझा' राहिलं, गवत गळालं.

म्हणजे गाय पवित्र, म्हणून गाय झालेला अवध्य. सरळ दिसतं, पण पाणिनीच्या सूत्रात 'गोघ्न' हा शब्द पाहुण्यासाठी आहे, ज्याच्यासाठी गाय मारायची तो. धर्मसूत्रकार आपस्तंबालाही गाय-बैलाचं मांस चालतं. अशा काळात 'मी गाय' म्हणणं जरा धोक्याचंच!

दुसरा पक्ष म्हणतो, गाय विसरा. गवत म्हणजे कस्पट, 'मी तुच्छ आहे' एवढाच अर्थ. रामायणात सीता रावण आणि स्वतःमध्ये काडी ठेवते, तिथे हे चपखल बसतं. पण ती काडी मध्ये ठेवते, दातांत धरत नाही. तुच्छपणाच दाखवायचा तर गवत डोक्यावर का नाही ठेवलं? रोमनांकडेही हरलेला गवत द्यायचा, असं प्लिनी सांगतो; पण ते हातातून, आणि अर्थ जमीन सोडल्याचा. ते कूळच वेगळं.

माझं म्हणणं असं, की हा रिवाज देवळातला नाही, गोठ्यातला आहे. ऋग्वेदात लढाईला 'गविष्टि' म्हणतात, शब्दशः गाईंची इच्छा. विराटपर्वात कौरव येतात तेही गाई पळवायला. अशा धाडीत राखणदार मारला जातो, गाय मात्र जिवंत हाकून नेतात, कारण तीच तर लूट. मग हरलेल्याने काय व्हावं? मालकाचा भाला सोडून लुटीचं गवत तोंडात धरावं: मार नको, हाकून ने. 'मी तुझा' आणि गवत हे मुळात एकच वाक्य होतं, ग्रंथांनी त्याचे दोन तुकडे केले आणि पावित्र्य मागाहून चिकटलं. अफगाणांनी ते अखंड जपलं: नुसती 'गाय' नव्हे, 'तुझी गाय'. बाबराच्या माणसांनीही कोहाटात बैल-म्हशी मुबलक लुटल्या होत्याच. सूत्रांपासून बाबरापर्यंतच्या साखळीतली एक कडी दगडावर आहे: अशोकाच्या टोपरा स्तंभावर चाहमान राजा विग्रहराजाचा विक्रम संवत 1220 चा लेख आहे, त्यात शत्रूंच्या दातांत गवत आहे.

पुढे माणसाने गाईकडून केलेली ही उसनवारी उलटी फिरली. मेरुतुंगाच्या 'प्रबंधचिंतामणी'त कवी धनपाल शिकारी भोज राजाला विचारतो, गवत तोंडात धरलेला वैरीही सुटतो, मग जन्मभर गवतच खाणारे हे पशू का मारता? पुढे हाच युक्तिवाद नरहरी कवीने गाईच्या तोंडी घालून अकबराला ऐकवला, असं परंपरा सांगते. अकबर बाबराचा नातू.