चाळिशीनंतरचे वजन : आईच्या ताटाकडे लक्ष देऊया

चाळिशीनंतर आई-मावशींचे वजन वाढले की ‘खाणे जास्त झाले’ म्हणून आपण मोकळे होतो. कारण एवढेच नसते. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन कमी होते, चरबी पोटाभोवती साठते. वयानुसार स्नायूही घटतात. भारतीय स्त्रीची कंबर ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली की मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो.

त्यातच अनेक घरांत बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. डाळ-भाजी संपलेली असते. उरलेला भात-चपाती ‘वाया नको’ म्हणून तीच संपवते. पोट भरते, प्रथिने मिळत नाहीत.

उपाशी राहणे हा उपाय नव्हे. तथागतांनीही कोसलराजा पसेनदीला मात्रेने जेवायला सांगितले होते. अर्धे ताट भाज्या-फळांचे असावे. सोबत डाळ, उसळ, अंडे किंवा मासे. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे. खडकवासला चौपाटीवर गेलो, तर भज्यांऐवजी भाजलेले कणीस घेऊया.

वजन अचानक वाढले तर थायरॉईड व साखर तपासून घ्यावी.

कार्यकर्त्यांनो, विहारातल्या महिला मेळाव्यात रक्तदाब आणि साखर तपासणी ठेवूया. आणि आजपासून आईला आपल्याबरोबरच जेवायला बसवूया.