ऑनर्स प्रवेश (निघोजे–चाकण परिसर)

पदवीच्या नेहमीच्या अभ्यासाला जादा श्रेयांकांची किंवा संशोधनाची जोड देणाऱ्या ऑनर्स पदवीसाठी होणारी निवड. निघोजे हे खेड तालुक्यातील, चाकण औद्योगिक क्षेत्रात मोडणारे गाव; महिंद्र आणि फोक्सवॅगन यांचे मोटार कारखाने याच परिसरात आहेत. हा परिसर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या (स्थापना १९४९) कक्षेत येतो, आणि तिथल्या व्यवस्थेत ऑनर्सचे दार बारावीनंतर लगेच उघडत नाही. ते पदवीच्या वाटेवर पुढे लागते.

अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटी कक्षाच्या कॅप फेऱ्यांतून होतो, ऑनर्सचा मात्र त्यांच्याशी संबंध नसतो. विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात ऑनर्स पाचव्या सत्रात सुरू होऊन आठव्या सत्रात संपतो आणि त्यासाठी २० श्रेयांक जादा मिळवावे लागतात. डेटा सायन्स, सायबर सुरक्षा यांसारखे विषय त्यात आले. निगडीचे पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालय, आळंदीची एमआयटी अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग अशा स्वायत्त संस्था पात्रतेचे नियम आपापले ठरवतात. आधीच्या सत्रांतले गुण आणि बॅकलॉग नसणे, याच कसोट्या सहसा लागतात.

या रचनेचा खरा फायदा डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना आहे आणि तो त्यांना पुरेसा सांगितला जात नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुले-मुली अनेकदा ऑनर्स आपल्यासाठी नाहीच असे धरून चालतात. वास्तविक ऑनर्स तिसऱ्या वर्षी सुरू होत असल्याने पहिले वर्ष न केल्याने त्यांचे काही हुकत नाही. अडचण वेगळी असते. अभियांत्रिकी गणिताचे पहिले दोन भाग (एम-वन, एम-टू) न करताच त्यांच्यासमोर तिसरा भाग, एम-थ्री, उभा राहतो आणि तिथे बॅकलॉग राहिला की पुढची निवड अवघड होते. म्हणून त्यांच्यासाठी दुसरे वर्ष हीच प्रवेशपरीक्षा. डिप्लोमाच्या निकालानंतरच्या सुट्टीत गणिताची उजळणी करून घेणारे महाविद्यालय या मुलांचे मोठे काम करते.

कला, वाणिज्य व विज्ञान शाखांत ऑनर्स आला तो राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३–२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून नवी रचना लागू झाली. त्यामुळे संलग्न महाविद्यालयांतील पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७–२८ मध्ये येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, तर चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० श्रेयांक लागतात. तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन बाहेर पडता येते. पाळीवर जाणाऱ्या आईवडिलांच्या घरात हा निर्णय पगाराशी जोडलेला असतो: आणखी एक वर्ष फी भरायची, की मुलाने नोकरी धरायची? ऑनर्स केल्यास पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते, हे या हिशेबात धरले पाहिजे.

संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहावा लागतो. पण गुण असूनही वाट अडू शकते. आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. लहान महाविद्यालयांत नेमकी इथेच उणीव पडते आणि हुशार विद्यार्थ्याला चौथ्या वर्षासाठी गाव सोडून पुण्यात जावे लागते. बसभाडे किंवा खोलीभाडे न परवडल्याने त्याची संधी जाणे हा सरळ अन्याय आहे. तेव्हा पहिल्या वर्षाला महाविद्यालय निवडतानाच, आपल्या विषयाचे चौथे वर्ष आणि मान्यताप्राप्त मार्गदर्शक तिथे आहेत का, हे पालकांनी कार्यालयात विचारून घ्यावे.