मुकडेन राजवाडा

मुकडेन राजवाडा : चीनच्या ईशान्येकडील लिआओनिंग प्रांतात, शेनयांग शहरातील चिंग (मांचू) वंशाचे आद्य राजवाडा-संकुल. मुकडेन हे शेनयांगचे मांचू नाव. १६२५ ते १७८३ या काळात बांधलेल्या ११४ वास्तू येथे असून त्या पूर्व, मध्य व पश्चिम अशा तीन भागांत विभागल्या आहेत. मांचू सरदारांच्या सामायिक सत्तेचे साम्राज्यात झालेले रूपांतर या भागांच्या रचनेतून स्पष्ट होते.

मांचू सत्तेचा संस्थापक नुरहाची याने १६२५ मध्ये राजधानी लिआओयांगहून येथे हलवली व पूर्व भागाचे काम सुरू केले. तेथील दाजंग सभागृह अष्टकोनी असून त्याच्या दर्शनी खांबांवर सोनेरी ड्रॅगनांची वेटोळी आहेत. समोरच्या पटांगणाच्या दुतर्फा पाच-पाच मंडप आहेत : आठ मांचू सैन्याच्या आठ ‘निशाणां’चे (लष्करी-प्रशासकीय विभागांचे) आणि दोन डाव्या-उजव्या बगलेच्या प्रमुखांचे. ही मांडणी छावणीतील राहुट्यांवर बेतलेली असून राजा व सरदार एकाच पटांगणाभोवती बसून कारभार पाहत.

नुरहाचीचा मुलगा होंग ताइजी याने मध्य भाग उभारला. चोंगजंग दरबार, तीनमजली फीनिक्स मनोरा व चिंगनिंग निवास दक्षिणोत्तर अक्षावर एकामागोमाग येतात. ही अक्षबद्धता चिनी असली, तरी निवासाचा चौक उंच जोत्यावर, दरबारापेक्षा वर आहे. बीजिंगच्या राजवाड्यात याउलट दरबाराची सभागृहे अधिक उंचावर आहेत. चिंगनिंगचे दार मध्यभागी नसून पूर्वेकडे आहे. आत भिंतींलगत खालून ऊब दिलेले ओटे (कांग) असून शामान विधी येथेच होत. १६३६ मध्ये होंग ताइजीने चिंग हे वंशनाम धारण केले. १६४३ मध्ये तो याच वास्तूत मरण पावला.

१६४४ मध्ये राजधानी बीजिंगला गेली. मात्र पूर्वजांच्या समाधींच्या दर्शनास येणारे सम्राट १६७१ ते १८२९ या काळात येथे मुक्काम करीत. त्यामुळे बांधकाम चालू राहिले. पश्चिम भागातील वनसू ग्रंथालय चिएनलुंग सम्राटाने सिकू छुआनशू या प्रचंड ग्रंथसंग्रहाच्या सात हस्तलिखित प्रतींपैकी एकीसाठी १७८२ च्या सुमारास बांधविले. चिनी पंचतत्त्वांत काळा हा जलाचा रंग. म्हणून आगीपासून रक्षणार्थ त्याच्या छपराला काळी, हिरव्या काठांची कौले घातली. ही प्रत आता गान्सू प्रांतात आहे.

१९२६ मध्ये येथे संग्रहालय स्थापन झाले. बीजिंगच्या राजवाड्याच्या जागतिक वारसा नोंदीत (१९८७) २००४ मध्ये या संकुलाचा समावेश झाला.