एकलव्याचा अंगठा

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं, तेव्हा राजगृहाचा सुनीत झाडूवाला आपणा सर्वांना भेटतो. भगवंत येताना पाहून तो अंग चोरून भिंतीशी उभा राहिला. भगवंतांनी त्याला जवळ केलं, संघात घेतलं. आम्हांला यात एक बाब फार मोलाची वाटते. थेरगाथेत ही हकीकत सुनीत स्वतःच्या तोंडाने सांगतो.

इतर जुन्या कथांत खालच्या माणसाला असं बोलायला क्वचितच मिळालं. महाभारतातला एकलव्य घ्या. निषादाचा पोर, मातीचा द्रोण करून धनुर्विद्या शिकला आणि द्रोणाने मागताच उजव्या हाताचा अंगठा कापून दिला. आम्ही लहानपणी ही गोष्ट गुरुभक्तीचा नमुना म्हणूनच ऐकली. अंगठा का मागितला, हे कुणी विचारलंच नाही! बळीचंही तेच. पुराणाने त्याला पाताळात धाडलं. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त त्याच बळीला रयतेचा न्यायी राजा म्हणून उभं केलं. पात्र जुनंच, सांगणारा बदलला.

बाबासाहेबांच्या चळवळीने आपल्या हाती लेखणी दिली आणि सांगणारे वाढले. अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ साली 'फकिरा' लिहिली व ती बाबासाहेबांच्या लेखणीलाच अर्पण केली. सरकारदप्तरी जो दरोडेखोर, तो इथे भुकेल्यांना धान्य देणारा नायक झाला. १९७८ च्या 'बलुतं'मध्ये दया पवारांनी आपल्यातल्याच दगडू मारुती पवारला बोलतं केलं. १९८६ साली बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आलं आणि घरातली बाई बोलू लागली. दलित कवींच्या हाती एकलव्याचा तुटका अंगठा भक्तीची खूण राहिला नाही, तो हिरावलेल्या शिक्षणाचा पुरावा झाला.

प्रतीकंही अशीच आली. गावकूस म्हणजे आपल्याला बाहेर ठेवणारी हद्द, अंधार म्हणजे जातिव्यवस्था, सूर्य म्हणजे बाबासाहेब. ज्यांनी ही प्रथम लिहिली त्यांनी ते चटके सोसले होते. म्हणून त्या शब्दांत धग होती. पण आता जयंतीच्या कवितांत सूर्य नुसता सवयीने उगवतो, हेही आपण मान्य केलं पाहिजे. नाणं फार हातांतून गेलं की त्यावरचा छाप पुसला जातो, तसं हे आहे.

म्हणून लिहित्या मुलामुलींना आमचं सांगणं एवढंच, की सूर्य लिहिण्याआधी घरातल्या आजीजवळ बसा. तिने कुणाच्या बांधावर काम केलं, पाणी कुठून आणलं, पोरांना शाळेत कसं धाडलं, ते विचारा आणि तिच्याच बोलीत उतरवून घ्या. सुनीताला स्वतःच्या तोंडाने बोलायला मिळालं, म्हणून तो आज आपल्यापर्यंत पोचला. आजीचं बोलणं कुणी लिहिलं नाही, तर ते तिच्याबरोबरच जाईल.