तीनशे चौऱ्याऐंशीची बेरीज

वेवजी हे तलासरी तालुक्याचं टोक. पलीकडे सोळसुंबा, म्हणजे गुजरात. अशा गावात एकाच टेबलावर मराठी अर्ज आणि गुजराती पत्रिका दोन्ही टाइप करायच्या, तर प्रोग्रॅमेबल कीबोर्डवर लेयर, म्हणजे त्याच कळांवरचे अक्षरांचे वेगवेगळे थर, कसे रचावेत, या खटपटीत मला एक आकडा गवसला: ३८४. युनिकोडमध्ये मराठी ‘क’चा क्रमांक २३२५, गुजराती ‘क’चा २७०९. ख घ्या, ळ घ्या, काना घ्या, फरक तेवढाच. म्हणजे गुजरातीचा अख्खा लेयर नव्याने लिहायला नको. फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक बेरीज पुरते.

फर्मवेअरची कुळी थोडक्यात सांगतो. जून वाको यांचं टीएमके, त्यातून जॅक हम्बर्ट यांचं क्यूएमके. लिनक्सवर ते युनिकोड क्रमांक थेट पाठवतं, विंडोजवर विनकंपोजसारखा मदतनीस लागतो.

मग हे ३८४ आलं कुठून? टाइपरायटरकडून तर नक्कीच नाही. तिथे कळांवर ध्वनी नव्हते, आकार होते. ‘भ’ किंवा ‘ण’ उमटवायचा तर आधी अर्धं अक्षर, मग काना. आणि ऱ्हस्व वेलांटी चक्क अक्षराच्या आधी. मराठी आणि गुजराती अक्षरांचे तुकडे वेगळे, म्हणून यंत्रं वेगळी आणि बोटांच्या सवयीही वेगळ्या. ही कोंडी कानपूरच्या आयआयटीत फुटली. मोहन तांबे यांचं जिस्ट, भारतीय लिप्या संगणकावर आणणारं तंत्रज्ञान, तिथलंच. पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. १९९१च्या आयएस १३१९४ या मानकात ब्राह्मी कुळातल्या प्रमुख भारतीय लिप्यांना एकच क्रमवारी मिळाली, सोबत इन्स्क्रिप्ट कीबोर्डही. युनिकोडने याच क्रमवारीची १९८८ची आधीची आवृत्ती उचलली, फक्त प्रत्येक लिपीला १२८ घरांची वेगळी चाळ दिली. देवनागरी, बंगाली, गुरुमुखी, गुजराती. तीन चाळी ओलांडल्या की ३८४.

आता माझा लाडका वाद. लेयरचं मूळ विचारलं की सगळे १८७८च्या रेमिंग्टन नंबर दोनच्या शिफ्टकडे बोट दाखवतात. इंग्रजीपुरतं मान्य. तिथे शिफ्ट अक्षर थोरलं करतं, ध्वनी तोच राहतो. इन्स्क्रिप्टमध्ये मात्र शिफ्ट श्वास वाढवतं: क-ख, च-छ, ट-ठ, त-थ, प-फ. मधल्या ओळीत अघोष, त्याच्या वरच्या ओळीत घोष ग, ज, ड, द, ब. शिफ्ट दाबलं की घ, झ, ढ, ध, भ. प्रातिशाख्यकारांनी, म्हणजे वैदिक उच्चारांचे नियम लिहिणाऱ्यांनी, अल्पप्राण-महाप्राण अशी जी मांडणी केली, तीच इथे दोन लेयर होऊन बसली आहे. माझ्या लेखी आपल्या लेयरचं घराणं रेमिंग्टनचं नाही, वर्णमालेचं आहे. रेमिंग्टनने फक्त कळ पुरवली.

विरोधक लगेच अनुनासिकं पुढे करतील. ‘म’च्या शिफ्टला ‘ण’ का? ‘ह’च्या शिफ्टला ‘ङ’ का? हरकत रास्त आहे. माझं उत्तर असं की पाच वर्गांची दहा घरं पक्की झाल्यावर उरलेल्यांना जागा मिळेल तिथे दाटीवाटीने बसवलं असणार. ‘ल’खाली ‘ळ’, ‘स’खाली ‘श’ हे तर शेजारधर्माने जुळलंच आहे. एवढ्यावरून सिद्धान्त सोडायला मी तयार नाही.

बेरजेला खरी ठेच लागली ती ‘ऱ’पाशी. त्याचा क्रमांक २३५३. ३८४ मिळवले की २७३७, आणि गुजराती चाळीत ते घर रिकामं. गुजरातीला ‘ऱ’ नाही. गंमत म्हणजे ‘चौऱ्याऐंशी’ लिहायलाच तो लागतो! म्हणून बेरजेला एक अपवाद जोडला: गुजराती लेयरवर ही कळ दाबली की रुपयाचं चिन्ह उमटतं. पावती सीमेच्या अलीकडची असो की पलीकडची, ते लागतंच.