मागच्या दाराचा इतिहास

डच भाषेत 'खेदोखन' असे एक क्रियापद आहे. एखादी गोष्ट निषिद्ध आहे हे मान्य करूनही ती करणाऱ्यावर जाणूनबुजून कारवाई न करणे, हा त्याचा अर्थ. आपला 'कानाडोळा' त्याच्या बराच जवळ जातो. पण कानाडोळ्यात एक चोरटेपणा आहे, तो या शब्दात नाही. तिथला कानाडोळा लेखी असतो, त्याला अटी असतात. अ‍ॅमस्टरडॅम शहरात गांजा आणि चरस यांचा उघड किरकोळ व्यापार या एका क्रियापदावर उभा आहे.

'मेलो यलो' हे चहाघर तिथे १९७२ साली सुरू झाले. चहा हे निमित्त. पुढे अशा दुकानांना 'कॉफीशॉप' हे इंग्रजी नाव चिकटले आणि ते इतके रूढ झाले, की खरोखर कॉफी हवी असणाऱ्याने आज 'कोफीहाउस' किंवा 'कॅफे'ची पाटी शोधावी! शहरात हेरॉइन शिरले होते, तो हा काळ. गांजा घेणारा तरुण हेरॉइन विकणाऱ्याच्या हाती पडू नये, म्हणून दोन्ही बाजार वेगळे ठेवावेत, या विचाराने १९७६ मध्ये अफू कायदा दुरुस्त झाला. गांजा कायदेशीर झाला नाही. तीस ग्रॅमपर्यंत तो जवळ बाळगणे हा फक्त किरकोळ गुन्हा ठरला. (आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही शेंडे म्हणजे गांजा, नुसती पाने म्हणजे नव्हे, अशी व्याख्या करून भांगेला वाट ठेवली आहेच. व्याख्येचे सामर्थ्य साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.)

पुढे अटी ठरल्या. जाहिरात नको, जहाल अमली पदार्थ नकोत, शेजाऱ्यांना उपद्रव नको, अल्पवयीन गिऱ्हाईक नको, मोठी विक्री नको. या अटींच्या डच आद्याक्षरांपैकी पहिली चार जुळवली, की खलाशांच्या हाळीसारखा 'अहोय' असा शब्द होतो. बंदराच्या शहराला तो शोभतो. १९९६ मध्ये गिऱ्हाइकामागे विक्रीची मर्यादा तीस ग्रॅमवरून पाचवर आली. दुकानातला साठा पाचशे ग्रॅमच्या वर जाता कामा नये. दुकान असावे की नसावे हे ज्या त्या नगरपालिकेने ठरवायचे, आणि बहुसंख्य नगरपालिकांनी एकही दुकान ठेवलेले नाही. धोरण महापौर, सरकारी वकील आणि पोलीसप्रमुख असे तिघे मिळून आखतात. १९९९ पासून दुकानाला टाळे ठोकण्याचा अधिकार महापौरांना मिळाला. हे महापौर निवडून येत नाहीत, त्यांची नेमणूक होते, हे येथे लक्षात घ्यावे.

या साऱ्या नियमावलीत एक प्रश्न कोणी विचारलाच नाही: दुकानात माल येतो कुठून? पुढच्या दाराने गिऱ्हाईक येते, ते चालते. मागच्या दाराने माल येतो, तो पिकवणे आणि घाऊक विकणे मात्र गुन्हाच. मालकाने उत्पन्नावर कर भरावा, पण खरेदी कोणाकडून केली हे सांगू नये. माझ्या मते पुढच्या दाराचा कानाडोळा शहाणपणाचा होता. मागच्या दाराचा निव्वळ सोयीचा. त्या दारामागे संघटित गुन्हेगारी पोसली गेली.

नगरपालिकेच्या हाती उरले ते पुढचे दार, आणि तिने तेच घासूनपुसून घेतले. २०१३ मध्ये दुकाने फक्त देशातील रहिवाशांसाठी, असा नियम देशभर आला. महापौर एबरहार्ड फान डर लान यांनी तो शहरात राबवला नाही; पर्यटक मग रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे जातील, हा त्यांचा युक्तिवाद. शाळांपासून २५० मीटरच्या आतली दुकाने मात्र टप्प्याटप्प्याने बंद झाली. 'मेलो यलो'जवळ केशकर्तन शिकवणारी एक संस्था होती. तेवढ्यावरून ते नाव १ जानेवारी २०१७ रोजी शहरातून पुसले गेले.

महापौर फेम्के हाल्सेमा यांनी २०२१ मध्ये पर्यटकबंदीचा प्रस्ताव पुन्हा मांडला. तो अमलात आला नाही. २०२३ पासून वेश्यावस्तीच्या गल्ल्यांत रस्त्यावर गांजा ओढायला मनाई आहे. मागच्या दाराकडे लक्ष गेले ते अखेर केंद्र सरकारचे. परवानाधारक शेतकऱ्यांकडून माल घेण्याचा प्रयोग डिसेंबर २०२३ मध्ये ब्रेडा आणि टिलबर्ग येथे सुरू झाला, आणि एप्रिल २०२५ पासून दहा नगरपालिकांतील दुकानांना केवळ असाच माल विकता येतो. त्या दहांत अ‍ॅमस्टरडॅम नाही.